पाण्याचा कल

पहाटे सगळं घर निपचित असताना सासऱ्यांच्या नाकातली शिट्टी वाजली. बारीक, लांबट, शेवटी जरा वर चढणारी. तिला रोज त्या आवाजानेच जाग यायची. सासरे गाढ झोपेत असले की शिट्टी संथ वाजायची, जागे असले की तुटक. आज तुटक वाजत होती. म्हणजे म्हातारा जागाच होता, आणि बराच वेळ छताकडे बघत पडला असावा.

गल्लीतली पोरं त्यांना शिट्टीबाबा म्हणत. त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. माझ्या नाकात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायला मधलं दार आहे, असं ते स्वतःच सांगत आणि हसत. त्यांची नात त्या दारातून आत बघायला त्यांच्या मांडीवर चढून बसायची. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून तिचं नाव मुंगी पडलं, ते शाळेत जायची वेळ आली तरी सुटलं नव्हतं.

तिने कूस बदलून पाहिलं तर नवऱ्याची जागा रिकामी. तेवढ्यात परसातून पंपाची घरघर सुरू झाली. एवढ्या पहाटे कधी पंप लागत नसे. ती उठली, मुंगीच्या अंगावर पांघरूण सारखं केलं आणि केस बांधत मागच्या दाराने बाहेर आली.

घरामागे त्यांची रोपवाटिका होती. हिरव्या जाळीच्या सावलीत काळ्या ट्रेंच्या रांगा, त्यात मिरची, वांगी, टोमॅटो, कोबी. लांबलांबचे शेतकरी इथून रोपं नेत, कारण इथली रोपं लावली की माना टाकत नाहीत अशी ख्याती होती. रोपांच्या पलीकडे विहीर. विहिरीपलीकडे भिंत, आणि भिंतीपलीकडे बंद पडलेला कारखाना. त्या कारखान्यात नळांना आणि सायकलींच्या हँडलांना चकाकी चढवायचे. सासऱ्यांची सगळी तरणी वर्षं तिथे गेली. तिचं लग्न व्हायच्या आधीच तो बंद झाला, त्यामुळे तिने पाहिला तो भिंतीवरून डोकावणारा गंजका पत्रा आणि त्यावर बसणारे कावळे, एवढाच.

आता त्या जागेवर नवी वस्ती उभी राहणार म्हणत होते. पण त्याआधी तिथली माती आणि जमिनीखालचं पाणी तपासायचं होतं. कुठे कुठे खोदायचं, किती खोल जायचं, कुणाची विहीर बघायची, हे ठरवायला एक बाई आल्या होत्या. दिवसभर उन्हात टोपी घालून, दोऱ्या लावत, खुंट्या ठोकत त्या आवारात फिरायच्या. लोकांनी त्यांना मातीच्या बाई असं नाव ठेवून दिलं होतं. काल संध्याकाळी त्या दारात येऊन सांगून गेल्या होत्या, की उद्या आजूबाजूच्या विहिरी बघणार आहे, तुमचीही बघेन.

नवरा विहिरीच्या काठावर वाकून उभा होता. पाणी नाल्यात सोडून दिलं होतं आणि विहिरीतलं पाणी खाली खाली चाललं होतं.

“अहो, हे काय चाललंय?”

“पाहुणे यायचे म्हटल्यावर आपण घर झाडून घेतोच ना? तसंच.”

त्याच्या बोलण्यात तिला काही खोट काढता येईना. विहीर म्हणजे घराची अब्रू. परक्या बाईने दोर सोडावा आणि खालून शेवाळ वर यावं, हे तिलाही आवडलं नसतं. तिने पदर खोचला आणि दोर धरला. पाणी गुडघ्याएवढं राहिलं तसा नवरा कड्या धरत खाली उतरला. तो घमेल्यात गाळ भरायचा, ती रहाटावरून वर ओढायची. दोर ओला, तळवे सोलवटले, खांदे भरून आले. गाळ राखाडी होता, लोण्यासारखा मऊ. दर उन्हाळ्यात हा गाळ ती रोपांच्या मातीत कालवायची. त्यानेच रोपं अशी टणक होतात, असं तिचं मत होतं. सवयीने तिने पहिलं घमेलं ट्रेंकडे नेलं.

खालून नवऱ्याचा आवाज आला, विहिरीतून येतो तसा घुमत. “गाळ ट्रेंमध्ये घेऊ नकोस. भिंतीपलीकडे टाक.”

ती घमेलं घेऊन तशीच उभी राहिली. कालपर्यंत तोच म्हणायचा, की तपासणी म्हणजे नुसतं नाव खराब करायचे धंदे आहेत. एकदा विहिरीवर बोट ठेवलं की मग कोण घेईल आपली रोपं. आणि आता तोच गाळ भिंतीपलीकडे टाकायला सांगत होता. म्हणजे जी भीती तिने महिनाभर तोंडातून बाहेर पडू दिली नव्हती, ती त्यालाही होती. मुंगी या विहिरीचं पाणी पीत मोठी झाली होती. ती पोटात होती तेव्हा ही स्वतः तेच पीत होती. तिने गाळ भिंतीपलीकडे फेकला. तो पलीकडे पडल्याचा आवाज जरा उशिरानेच आला.

शेवटी नवऱ्याने वर येऊन पांढऱ्या पावडरीचं अख्खं पाकीट विहिरीत रिकामं केलं. परसात इस्पितळासारखा वास सुटला.

मातीच्या बाई आल्या तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. त्यांनी पिशवीतून एक मोठी रिळासारखी फीत काढली. फितीच्या टोकाला बोटाएवढा धातू. तो पाण्याला टेकला की वर रिळातून बारीक पी असा आवाज येतो, असं त्यांनी मुंगीला दाखवायचं कबूल केलं होतं, म्हणून मुंगी काठाशी त्यांचा सदरा धरून उभी. फीत खाली चालली, चालली, चालतच राहिली. खूप उशिराने पी वाजलं. बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. पुन्हा वर ओढून पुन्हा सोडली.

आवारातल्या जुन्या हातपंपात पाणी केवढं वर आहे, गिरणीवाल्याच्या विहिरीतही आहे, मग इथेच एवढं खोल कसं, असं त्यांनी विचारलं. पंप चालवला होता का?

नवरा म्हणाला, नाही.

“बाबांनी विहिरीला आंघोळ घातली,” मुंगी म्हणाली. “पावडर पण लावली.”

नवरा मान खाली घालून हाताच्या नखांतला गाळ काढू लागला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या तिला दिसल्या आणि तिला त्याच्याविषयी माया वाटली. बाईही चांगल्या. त्यांनी टोपी काढून घाम पुसला, आणि म्हणाल्या की आज मी पाणी न्यायला आलेच नव्हते. आज नुसतं बघायचं होतं, की जमिनीखालचं पाणी कुठल्या अंगाला कललेलं आहे. ते कळल्याशिवाय कुठे खोदायचं ते ठरत नाही. तीन ठिकाणची पातळी मिळाली की कल कळतो. पण एका विहिरीचा असा उपसा केला, की चहूकडचं पाणी तिच्याकडेच धावतंय असं दिसतं.

“आणि धावतंही,” त्या म्हणाल्या. “पंप लावला की विहीर लांबचं पाणी बोलावून घेते.”

तिने पंपाकडे पाहिलं. रोज सकाळी, रोज संध्याकाळी, लग्न होऊन या घरात आल्यापासून तिने त्या पंपाचं बटण दाबलं होतं. आपण विहिरीतून पाणी काढतो, एवढंच तिला माहीत होतं. आपण भिंतीपलीकडच्या पाण्याला हाक मारतो आहोत, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

आता हिला निवांत पडू द्या, बाई म्हणाल्या. पाणी आपल्या जागेवर आलं की मी पुन्हा येईन. तोवर पंप नको, आणि पिऊही नका. नवरा म्हणाला, म्हणजे रोपं मारू का? या उन्हात एक वेळ पाणी चुकलं तरी दुपारी माना टाकतात. आणि वर तोडल्यासारखं म्हणाला, की आमची विहीर तुमच्या यादीत घालूच नका, मी सही देणार नाही. विहीर माझी, परवानगी माझी. बाईंनी मान हलवली. परवानगी तुमचीच लागेल, हे खरं, असं म्हणाल्या.

“मी आणते नळावरून पाणी,” ती म्हणाली.

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. परक्या माणसासमोर तिने त्याचं बोलणं असं तोडलं नव्हतं कधी.

बाई निघाल्या, आणि मागच्या ओसरीवरून जाताना थबकल्या. खाटेवर सासरे पडले होते आणि शिट्टी वाजत होती. बाई फीत खाली ठेवून त्यांच्या पायथ्याशी बसल्या. घरातली माणसं वर्षानुवर्षं ज्या आवाजाला हसली, तो आवाज ही बाई अशी ऐकत होती, जसं कुणीतरी लांबून ओळखीच्या भाषेत बोलावं.

“काका, चकाकीच्या टाकीवर होतात ना तुम्ही?”

सासरे उठून बसले. “तुम्हाला कुणी सांगितलं?”

बाईंनी आपल्या नाकाला बोट लावलं. त्या टाकीच्या वाफेने नाकातला पडदा झडतो, तिथे राबलेल्या पुष्कळ माणसांचा झडला आहे, असं त्यांनी अगदी हळू सांगितलं. सासऱ्यांचा हात नाकाकडे गेला आणि तिथेच राहिला. ते मधलं दार कुणी उघडलं, हे त्यांना आज या वयात कळत होतं. मुंगी त्यांच्या तोंडाकडे बघत होती, आता आजोबा हसतील म्हणून. ते हसले नाहीत.

टाकीतलं जुनं झालेलं पाणी कुठे टाकायचे, असं बाईंनी विचारलं. सासऱ्यांनी आधी मुलाकडे पाहिलं. मुलाने विहिरीकडे.

“नाही बुवा आठवत,” सासरे म्हणाले.

मग पाणी वाहण्याचे दिवस सुरू झाले. नळ रस्त्याच्या टोकाला, तिथे रांग. दोन कळश्या कमरेवर, एक डोक्यावर, आणि मागे मुंगी आपला लोटा डुचमळत. रोपांना पाणी झारीने, नेमकं, पानावर थेंब न पडता. एक ट्रे संपायचा आणि कळशी रिकामी. दुपारपर्यंत तिची मान आखडून जायची, रात्री कूस बदलताना तोंडातून आवाज निघायचा. पहिल्या दिवशी नवऱ्याने ढुंकून पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी तो जाळी ताणत होता, पण नजर तिच्या पावलांवर. तिसऱ्या दिवशी पायरीवर तिचा पाय घसरला, कळशी फुटली नाही पण चेपली, आणि तो उठला. कोठारातला बांबू काढला, प्लॅस्टिकच्या पिंपाला दोर बांधून ते बांबूला टांगलं. पुढचं टोक त्याच्या खांद्यावर, मागचं तिच्या. पाऊल पडलं नाही बरोबर, तर पिंप हिंदकळून दोघांच्या पिंढऱ्यांवर पाणी. चार फेऱ्यांत ती दोघं एका तालात चालू लागली. तेवढ्यात तो म्हणाला, की तुझ्याबरोबर चालायचं म्हणजे बदकाबरोबर चालणं आहे. ती म्हणाली, बदक मागे आहे म्हणून पुढच्याचा तोल राहिलाय. कितीतरी दिवसांनी दोघं हसली.

ओसरीवरून सासरे बघत होते. बांबू, बांबूला टांगलेलं पिंप, पुढे एक माणूस आणि मागे एक. ती दोघं पिंप उतरवून परत आली तर म्हातारा उभा होता. पायात चपला.

“असंच न्यायचो आम्ही,” ते म्हणाले. “पुढे मी, मागे माझा जोडीदार. तो बांबू घे. चल.”

मुलाने काय, कुठे, असं काही विचारलं नाही. बापाच्या तोंडाकडे बघून त्याने पिंप सोडलं आणि बांबू उचलला. तिने मुंगीचा हात धरला. चौघं भिंतीला वळसा घालून कारखान्याच्या फाटकाशी आली.

आत पाऊल टाकलं आणि तिला एकदम देवळात आल्यासारखं झालं. एवढी मोठी जागा भिंतीच्या पलीकडे एवढी वर्षं गप्प पडून होती. छप्पर जागोजागी उडालेलं, आणि त्यातून उन्हाचे खांब खाली उतरलेले. फरशीवर मोठे मोठे चौकोन उमटलेले होते, जिथे एके काळी टाक्या होत्या. चौकोनांच्या आत गवत नव्हतं. बाहेर हवं तेवढं, कंबरभर, पण चौकोनांच्या कडेशी येऊन असं थांबलेलं, जसं कुणी दटावलं आहे. सासऱ्यांची शिट्टी त्या उंच छपराखाली फार मोठी वाजत होती.

मातीच्या बाई आपला मोठा कागद दगडांनी दाबून बसल्या होत्या. सासऱ्यांनी त्यांना सांगितलं, की खड्डा होता, मागे होता, दाखवतो. पण मागच्या अंगाला गेले आणि गोंधळले. खुणेचं झाड तोडलेलं, शेडची भिंत पडलेली, राडारोडा पसरलेला. इथे म्हणाले, मग नाही, तिथे म्हणाले. बाईंनी दोन ठिकाणी हाताचं गिरमिट फिरवून पाहिलं. साधी तांबडी माती वर आली. म्हातारा शरमला. खोटं सांगतोय असं वाटायला लागलं असेल तुम्हाला, असं पुटपुटला.

बाई म्हणाल्या, जागा शोधू नका काका. टाकीपासून चालून दाखवा.

सासरे परत आत गेले, एका चौकोनाच्या कडेला उभे राहिले आणि बांबूचं पुढचं टोक खांद्यावर घेतलं. मागचं मुलाने घेतलं. रिकामा बांबू, पण म्हाताऱ्याचा खांदा ओझं असल्यासारखा खचला. गुडघे किंचित वाकले, तोंड एका बाजूला वळलं. वाफ चुकवायला. आणि तो चालू लागला. दारातून तिरका बाहेर पडला, नसलेल्या भिंतीला वळसा घातला, नसलेल्या झाडाखाली मान वाकवली. मुलगा मागे, बापाच्या पावलावर पाऊल टाकत. त्याचं तोंड तिला दिसत होतं. बाप कारखान्यात जायचा, एवढंच त्याने लहानपणापासून पाहिलेलं. कारखान्यात बाप काय उचलायचा, ते आज त्याच्या खांद्याला कळत होतं.

एके ठिकाणी सासऱ्यांनी डावा पाय रोवला, खांदा खाली केला आणि हात अशा झोकाने पुढे फेकले, की ती दचकून मागे सरली.

“इथं,” ते म्हणाले. धाप लागली होती.

गिरमिट बाईंनी आणि तिच्या नवऱ्याने मिळून फिरवलं. वर येईल ती माती बाई प्लॅस्टिकवर ओळीने मांडत गेल्या, वरची आधी, खालची नंतर. आधी राडारोडा, मग तांबडी, मग राखाडी. गिरमिट जड जाऊ लागलं. नवऱ्याच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. आणि मग पात्यातून वेगळीच माती वर आली.

ती हिरवट पिवळी होती. पिकायला लागलेल्या लिंबाच्या सालीसारखी, लखलखीत. राखाडी मातीशेजारी ती अशी दिसत होती, जशी आतून कुणी दिवा लावला आहे. तिने आयुष्यात पुष्कळ माती चाळली, मळली, भरली. असा रंग मातीत असू शकतो हे तिला माहीत नव्हतं. मुंगी म्हणाली, किती छान, आणि हात पुढे केला. बाईंनी तो हात हवेतच धरला आणि हळूच तिला मागे घेतलं.

सासरे वाकून बघत राहिले. “इथंच राहिलं होय,” ते म्हणाले. “मला वाटायचं, टाकलं म्हणजे गेलं.”

दुसऱ्या दिवशी बाई विहिरीवर आल्या. निवांत पडलेल्या विहिरीत पाणी आपल्या जागेवर आलं होतं. मुंगीने स्वतःच्या हाताने फीत सोडली आणि पी वाजलं, लवकर. तिन्ही ठिकाणचे आकडे बाईंनी कागदावर मांडले, रेघा ओढल्या आणि शेवटी एक बाण काढला. बाण खड्ड्यापासून निघाला होता, आणि त्याचं तोंड त्यांच्या परसाकडे होतं.

म्हणजे ते आलं का विहिरीत, असं तिने विचारलं.

बाई म्हणाल्या, तेच शोधायचं आहे. जमिनीखालचं पाणी फार सावकाश चालतं. कुठे वर्षाकाठी एखादी खोली ओलांडेल, कुठे एखादं अंगण. काकांनी तरणेपणी ओतलेलं अजून वाटेत असेल. चिकणमातीने धरून ठेवलं असेल. किंवा पोचलंही असेल. म्हणून या रेघेवर मी ओळीने भोकं पाडायचं म्हणते, खड्ड्यापासून भिंतीपर्यंत. पण शेवटचा मुक्काम तुमच्या विहिरीशी हवा. तो नसेल तर अर्धीच गोष्ट कळेल.

तिला आपले ट्रे आठवले. एका कोपऱ्यात पाणी सोडावं, आणि बऱ्याच वेळाने पलीकडच्या कोपऱ्यातली माती हळूच काळी पडावी, तसं. फक्त इथे तो वेळ म्हणजे एक माणूस म्हातारा होण्याचा वेळ होता. सासऱ्यांचं लग्न झालं, मुलगा झाला, कारखाना बंद पडला, ती सून होऊन आली, मुंगी जन्मली, आणि या सगळ्याच्या खालून ते चालतच होतं. कुणाला न सांगता, न थांबता. ती पायाखालच्या जमिनीकडे बघत राहिली. भीती होतीच, पण भीतीपेक्षाही मोठं काहीतरी तिच्या छातीत भरून आलं होतं.

नवरा उठून कोठारात गेला. रागावून गेला, असं तिला वाटलं. पण तो हातोडा घेऊन आला. बाईंच्या पिशवीतली लाल टोकाची एक खुंटी त्याने मागून घेतली, कुठे ठोकायची ते विचारलं, आणि विहिरीशेजारी, ट्रेंच्या पहिल्या रांगेसमोर, येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल अशी ठोकली. घाव घालताना तो एवढंच म्हणाला, की कळल्याशिवाय कुणाला रोपं देणार नाही आता. नेलेल्यांनाही सांगून येईन. सासरे ओसरीवरून बघत होते.

संध्याकाळी तिने नळाच्या पाण्याने झारी भरली. विकायची नसली तरी रोपं तहानलेली होती. माती ओली झाल्याचा वास सुटला. ओसरीवर शिट्टी संथ वाजत होती, म्हातारा आज दिवे लागायच्या आधीच झोपला होता.

मुंगी खुंटीपाशी पालथी पडली होती, एक कान जमिनीला लावून, डोळे मिटून. फ्रॉक मातीत, केसांत काडी. तिने हाक मारली तर मुंगीने तोंडावर बोट ठेवलं. तिनेही झारी खाली ठेवली आणि शेजारी बसली. जमीन दिवसभराच्या उन्हाने अजून कोमट होती.

बऱ्याच वेळाने मुंगीने डोळे उघडले.

“आई,” ती कुजबुजली, “त्या पाण्याला माहीत आहे का, आपण इथे राहतो ते?”